घराभोवतीचा परिसर आणि ज्येष्ठांची स्मरणशक्ती : काय तपासावे, काय बदलावे

घरातील ज्येष्ठ व्यक्ती ओळखीची नावे विसरू लागली, किंवा वाण्याने परत दिलेले सुटे पैसे मोजताना गोंधळू लागली, की आपण आधी वयाला दोष देतो, मग मधुमेहाला आणि कधी आनुवंशिकतेला. ती व्यक्ती गेली तीस-चाळीस वर्षे कोणत्या रस्त्यालगत राहिली, तिच्या खिडकीतून कोणती हवा आत आली, रात्री तिला शांत झोप मिळाली का, घराबाहेर बसून चार माणसांशी बोलण्याजोगी जागा तिला होती का, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वैद्यकीय संशोधनाने मात्र गेल्या काही वर्षांत हे प्रश्न फार गांभीर्याने घेतले आहेत. ‘द लान्सेट’ या नियतकालिकाने नेमलेल्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाच्या २०१७ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये प्रदूषित हवेचा समावेश नव्हता. २०२० च्या अहवालात तो झाला. २०२४ च्या अहवालात अशी एकूण १४ कारणे देऊन आयोगाने म्हटले की, ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येईल. त्यात प्रदूषित हवेचा वाटा सुमारे ३ टक्के, सामाजिक एकाकीपणाचा ५ टक्के आणि ऐकू कमी येण्याचा ७ टक्के धरलेला आहे.

हे आकडे संपूर्ण समाजाचे आहेत. त्यांवरून एखाद्या आजोबांचे किंवा आजींचे भाकीत करता येत नाही. परंतु त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि या लेखातील प्रत्येक सूचना तिच्यावरच आधारलेली आहे : हवा वाईट आहे म्हणून ज्येष्ठांना घरात कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. तसे केल्याने धूळ थोडी कमी होईल, पण चालणे थांबेल आणि माणसे तुटतील, म्हणजे अधिक मोठा तोटा होईल. धूळ, धूर आणि आवाज यांच्याशी येणारा संबंध कमी करायचा, मात्र घराबाहेरचे आयुष्य कमी होऊ द्यायचे नाही, असा दुहेरी प्रयत्न करावा लागतो.

परिसराचा मेंदूवर परिणाम कसा होतो

हवेतील अतिसूक्ष्म कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात, कारण त्यांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा सुमारे तिसावा भाग झाला. असे कण नाकातल्या केसांत किंवा घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात, तेथे दाह निर्माण करतात, आणि त्यांतील सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्या कडक होणे, रक्तदाब वाढणे आणि पक्षाघाताचा धोका वाढणे हा त्याचा पुढचा भाग आहे, आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना होणारी इजा ही उतारवयातील स्मृतिभ्रंशाची एक मोठी वाट आहे. दुसरी वाट नाकातून जाते, कारण गंधाचे चेतातंतू थेट मेंदूशी जोडलेले असतात. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील मृत व्यक्तींच्या मेंदूत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहसंयुगाचे अतिसूक्ष्म गोलसर कण सापडले. शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या मॅग्नेटाइटपेक्षा त्यांचा आकार वेगळा होता आणि इंधन जळताना तयार होणाऱ्या कणांशी तो जुळत होता. या कणांमुळेच आजार झाला असे त्यातून सिद्ध होत नाही. बाहेरचा धूर मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, एवढे मात्र त्यातून दिसते.

घर आणि रस्ता यांच्यातील अंतराविषयी कॅनडातील ओन्टारिओ प्रांताचा अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथे ५५ ते ८५ वयाच्या सुमारे २२ लाख रहिवाशांच्या आरोग्यनोंदी अनेक वर्षे तपासण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ३०० मीटरपलीकडे राहणाऱ्यांपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी अधिक होते, आणि अंतर वाढत गेले तसा हा फरक कमी होत गेला. आपल्या शहरांत ‘रोड टच’ घर म्हणजे भाग्य मानले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आशादायक बाजूही आहे. अमेरिकेतील वयोवृद्ध स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीत असे आढळले की, ज्या भागांतील हवा काही वर्षांत सुधारली, तेथील स्त्रियांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका तुलनेने कमी राहिला. त्यामुळे सत्तरी ओलांडली, आता काय उपयोग, असे म्हणून सोडून देऊ नये.

हा प्रश्न केवळ शहरांचा आहे, असेही समजू नये. भारतात ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीशी जोडलेल्या अभ्यासानुसार ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. त्यामागे शिक्षणाच्या संधींपासून अनेक कारणे आहेत. पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या वाट्याला आलेला धूर त्या विचारातून वगळता येणार नाही.

पहिली पायरी : आठवडाभर परिसराची नोंद ठेवावी

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि सात दिवस नोंदी कराव्यात. ज्येष्ठ व्यक्ती दिवसभरात कोठे बसते, कोठे झोपते, कोणत्या वेळी कोणत्या रस्त्याने बाहेर जाते, हे आधी लिहावे. मग घराच्या आसपास धूर आणि धूळ कोठून येते ते शोधावे : सिग्नल किंवा बसथांबा, लाकूड जाळणारी बेकरीची भट्टी, तंदूर, काँक्रीट मिसळण्याचा प्रकल्प, पुनर्विकासाचे बांधकाम, डिझेल जनरेटर, कचरा पेटवण्याची जागा, खडी क्रशर. देवनारच्या कचराभूमीजवळ, माहुलच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या शेजारी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांना हे शोधावे लागत नाही. इतरांना मात्र बहुधा खरा स्रोत अगदी जवळ, आपल्याच गल्लीत सापडतो. प्रत्येक खिडकीच्या कट्ट्याचा एक भाग पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसून दोन दिवसांनी पुन्हा पुसावा. कोणत्या बाजूने काळी काजळी येते आणि कोणत्या बाजूने केवळ मातकट धूळ, हे त्यातून उघड होते. काळी काजळी जळण्यातून येते, आणि आपल्याला अधिक काळजी तिचीच करायची आहे.

शासकीय मोजमापासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे अ‍ॅप आहे, आणि मुंबई-पुण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ‘सफर’ ही सेवा आहे. तेथे दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक नीट समजून घ्यावा. ५० पर्यंत ‘चांगली’, १०० पर्यंत ‘समाधानकारक’, २०० पर्यंत ‘मध्यम’, ३०० पर्यंत ‘वाईट’, ४०० पर्यंत ‘अतिशय वाईट’ आणि त्यापुढे ‘गंभीर’ अशी विभागणी आहे. ‘समाधानकारक’ या शब्दाने निर्धास्त होऊ नये. निर्देशांक १०० असतो तेव्हा पीएम २.५ चे प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकते, कारण २४ तासांसाठी भारतीय मानक तेवढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. वार्षिक सरासरीसाठी आपले मानक ४० आणि संघटनेची शिफारस ५ आहे. तसेच मोजणी केंद्र आपल्या घरापासून काही किलोमीटरवर असेल, तर आपल्या नाक्यावरच्या धुराचा त्याला पत्ता नसतो. म्हणून अ‍ॅप शहराची हवा सांगते आणि आपली वही घराची, असे समजून दोन्ही एकत्र वाचावे.

दुसरी पायरी : घरातली हवा

ज्येष्ठ व्यक्तींचा दिवसाचा बहुतांश वेळ घरात जातो, त्यामुळे सर्वाधिक फायदा येथेच पदरात पडतो. पहिले काम खर्चाचे नाही. ज्येष्ठांची झोपण्याची आणि बसण्याची जागा रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या बाजूच्या खोलीत हलवता येते का ते पाहावे. अनेक घरांत रस्त्याकडची गॅलरी आजोबांना प्रिय असते, कारण तेथून जगाची वर्दळ दिसते, आणि ती त्यांच्याकडून हिरावून घेणे योग्य नाही. वर्दळ सर्वाधिक असते त्या वेळी गॅलरीचे दार बंद ठेवावे आणि दुपारी किंवा पावसाच्या सरीनंतर तेथे बसावे, एवढी तडजोड पुरेशी आहे. खिडक्या उघडण्याची वेळही अशीच ठरवावी. घर दिवसभर बंद ठेवणे चुकीचे आहे. स्वयंपाकाचा धूर आत कोंडतो, आणि उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील बंद खोलीतला उष्मा ज्येष्ठांच्या मेंदूला धुळीपेक्षा लवकर इजा करतो.

त्यानंतर घरातच तयार होणारा धूर पाहावा. डासांसाठी जाळली जाणारी कॉइल बंद करणे ही या संपूर्ण लेखातील बहुधा सर्वांत स्वस्त आणि प्रभावी सूचना आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते, आणि ही कॉइल आपल्याकडे अनेकदा पलंगाखाली, रात्रभर, बंद खोलीत जळत असते. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी हा पर्याय जुना आणि निर्धोक आहे. उदबत्ती आणि धूप यांविषयी बोलताना आदर राखावा. देवपूजा हा आजींच्या दिनक्रमाचा आधार आहे, आणि तो दिनक्रमच त्यांच्या स्मरणशक्तीला धरून ठेवत असतो. म्हणून पूजा थांबवू नये. निरांजन आणि फुले ठेवावीत, उदबत्ती एकच लावावी आणि त्या वेळी खिडकी उघडी ठेवावी, आणि धूप-गुग्गुळ सणापुरता गॅलरीत किंवा अंगणात फिरवावा.

फोडणीचा आणि तळणाचा धूर हाही सूक्ष्म कणांचा मोठा स्रोत आहे. धूर बाहेर टाकणारा पंखा फोडणीच्या आधी सुरू करून स्वयंपाक संपल्यावरही काही वेळ चालू ठेवावा. चिमणीचा धूर नळीने खरोखर घराबाहेर जातो की गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडला जातो, हे एकदा तपासावे. कोरड्या केरसुणीने जोरात केर काढल्यास खाली बसलेली बारीक धूळ पुन्हा श्वासात येते, म्हणून ज्येष्ठांच्या खोलीत ओल्या फडक्याने पुसण्यास प्राधान्य द्यावे आणि घरकामाला येणाऱ्या बाईंनाही त्याचे कारण समजावून सांगावे, कारण धूळ त्यांच्याही श्वासात जाते.

ग्रामीण घरांत आणि जुन्या वाड्यांत स्वयंपाकाला गॅस आला, तरी अंघोळीचे पाणी तापवणारा बंब आणि थंडीतली शेकोटी राहिलेली असते, आणि त्यांत लाकडाबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, रबर, रंगवलेल्या फळ्या असे काहीही जाते. बंब घराच्या आत किंवा पडवीत नसावा, त्यात प्लास्टिक कधीही जाळू नये, आणि बंब पेटवून त्याच्याजवळ बसून राहण्याचे काम घरातील वृद्ध व्यक्तीकडे देऊ नये. सौर बंब बसवणे शक्य असेल, तर घरातील ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी केलेला तो खर्च आहे, असे मानावे.

हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. घर मोठ्या रस्त्यालगत किंवा बांधकामाशेजारी असेल आणि परवडत असेल तर घ्यावे. पण एकच, ज्येष्ठांच्या झोपण्याच्या खोलीसाठी, ‘हेपा’ म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी असलेले. त्याची क्षमता ठरवण्याची सोपी रीत अशी : खोलीचे आकारमान घनमीटरमध्ये काढून त्याला ५ ने गुणावे. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीचे आकारमान सुमारे ३४ घनमीटर होते, म्हणजे ताशी सुमारे १७० घनमीटर स्वच्छ हवा देणारे यंत्र हवे. ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत, आणि गाळणी वेळेवर बदलण्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा. कुंड्यांतील झाडे मन प्रसन्न करतात, त्यांना पाणी घालण्याचे काम ज्येष्ठांना जरूर द्यावे, पण चार कुंड्यांनी खोलीतील हवा शुद्ध होते ही समजूत सोडावी.

तिसरी पायरी : फिरायला जाण्याची वेळ आणि वाट

नियमित चालणे हे वृद्धापकाळात मेंदूसाठी घेता येणाऱ्या औषधांपैकी एक उत्तम औषध आहे, म्हणून या पायरीत चालणे कमी करण्याची सूचना नाही. ते केव्हा आणि कोठून करावे, एवढेच ठरवायचे आहे.

पहाटेची हवा शुद्ध असते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शहरांमध्ये ते बहुधा खरे नसते. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड राहते, वर उबदार थर बसतो, आणि रात्रभराचा धूर या झाकणाखाली अडकतो. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली की हा थर फुटतो. म्हणून हिवाळ्यात पहाटे साडेपाचला मुख्य रस्त्याने फिरणाऱ्या आजोबांनी आपली वेळ सकाळी उशिरा, ऊन चांगले पडल्यानंतर, किंवा दुपारी चारच्या सुमारास न्यावी. कोकणपट्टीत आणि मुंबईत दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे हवा हलवतात, तर रात्री आणि पहाटे वाहणारे मतलई वारे जमिनीवरून मंदपणे समुद्राकडे जातात. शाळेत शिकलेल्या या भूगोलाचा येथे प्रत्यक्ष उपयोग करावा. अनेक वर्षांची सवय आणि पहाटेचा मित्रांचा गट मोडणे सोपे नसते, त्यामुळे एकट्याला सांगण्यापेक्षा संपूर्ण गटाशी बोलून थंडीपुरती वेळ बदलणे अधिक यशस्वी ठरते. उन्हाळ्यात मात्र सकाळची वेळच योग्य.

वाटेबाबत नियम सरळ आहे : मुख्य रस्ता सोडून एक-दोन गल्ल्या आत जावे. वाहनांच्या धुरातील अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून दूर जाताना झपाट्याने विरळ होतात, त्यामुळे समांतर आतल्या रस्त्याने तेवढेच अंतर चालले, तरी श्वासात जाणारा धूर लक्षणीय घटतो. बाग निवडताना तिच्या कडेने जाणारा रस्ता पाहावा आणि आतल्या वाटेने फेऱ्या माराव्यात. पुण्यातील वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडीसारख्या जागा ज्यांना झेपतात त्यांनी त्यांचा लाभ घ्यावा, पण सुट्या खडीवरून उतरताना काठी आणि सोबत दोन्ही असाव्यात, कारण पडून डोक्याला मार लागणे हेही स्मृतिभ्रंशाच्या त्या १४ कारणांपैकी एक आहे. पावसाळ्यात हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ असते, पण शेवाळलेल्या फरशा आणि पाण्याखाली झाकलेले खड्डे असतात. त्या दिवसांत इमारतीचा वाहनतळ, देवळाचा सभामंडप किंवा छत असलेली बाजारपेठ बरी.

निर्देशांकानुसार ढोबळमानाने असे वागावे. १०० पर्यंत नेहमीप्रमाणे फिरावे. १०० ते २०० मध्ये वेळ आणि वाट काळजीपूर्वक निवडावी, आणि दमा, हृदयविकार किंवा आधीच विस्मरण असलेल्यांनी वेग कमी ठेवावा. २०० च्या वर फेरी लहान करावी आणि उरलेले चालणे घरात किंवा इमारतीच्या आत पूर्ण करावे. ३०० च्या वर बाहेरचे फिरणे त्या दिवसापुरते थांबवावे, पण मग मित्रांना घरी चहाला बोलवावे. फिरणे थांबले म्हणून माणसे भेटणे थांबू नये. धुळीच्या ठिकाणी जावेच लागले, तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा उपयोगी पडतो. कापडी रुमाल किंवा पदर बारीक कण अडवत नाही. श्वसनाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच मुखपट्टा वापरावा.

चौथी पायरी : आवाज आणि झोप

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रस्त्यालगतच्या बहुतेक घरांत ती पाळली जात नाही, हे मोबाइलवरील साध्या मापकानेही कळते. रात्रीच्या आवाजाने माणूस पूर्ण जागा झाला नाही, तरी त्याची गाढ झोप तुटते, रक्तदाब चढतो, आणि दिवसभराच्या आठवणी पक्क्या करण्याचे मेंदूचे काम अर्धवट राहते. पलंग रस्त्याकडच्या भिंतीपासून दूर घ्यावा, खिडकीच्या फटी रबरी पट्टीने बुजवाव्यात, जाड पडदे लावावेत. सणांच्या आणि मिरवणुकांच्या दिवसांत, शक्य असल्यास, ज्येष्ठांना दोन रात्री आतल्या भागातील नातेवाइकांकडे न्यावे. विस्मरण असलेल्या व्यक्तीला मात्र अनोळखी घरात हलवण्याऐवजी आपल्याच घरातली शांत खोली द्यावी.

ऐकू कमी येऊ लागले असेल, तर श्रवणचाचणी लांबवू नये. गोंगाटाच्या परिसरात अशी व्यक्ती हळूहळू बोलणेच सोडते, आणि घरचे तिच्या गप्प बसण्याला स्वभाव समजतात.

पाचवी पायरी : पदपथ, बाक आणि माणसे

परिसर म्हणजे केवळ हवा नव्हे. घरापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर वाणी, देऊळ, वाचनालय, बाग आणि बसायला बाक असेल, तर ज्येष्ठ व्यक्ती रोज बाहेर पडते, वाट लक्षात ठेवते, पैशांचा हिशेब करते, ओळखीच्यांशी बोलते. मेंदूला लागणारा हा सगळा व्यायाम तिला वेगळा करावा लागत नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. आपल्या गल्लीतील पदपथ टेपने मोजून पाहावा. गुडघाभर उंच पदपथ आणि त्यावर लावलेल्या दुचाकी ही आजींना घरात बसवणारी कारणे आहेत, आणि ती आळस किंवा भीती या नावाखाली लपून जातात.

स्वच्छतागृहांविषयी फार कमी बोलले जाते, म्हणून ते येथे स्पष्टपणे लिहितो. बाहेर सोय नाही म्हणून असंख्य वृद्ध स्त्रिया बाहेर जाणे टाळतात, किंवा जाण्याआधी पाणी पीत नाहीत. शरीरातले पाणी कमी झाले की वृद्धांमध्ये गोंधळलेपणा वाढतो. रोजच्या वाटेवरील वापरण्याजोगी स्वच्छतागृहे, वाचनालयातील किंवा ओळखीच्या दवाखान्यातील सोय यांची यादी करून ती आजींना दाखवावी.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे चांगले आहे आणि फेस्कॉम हा त्यांचा महासंघ आहे. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेली हास्यक्लबची चळवळ आज अनेक बागांत रुजलेली आहे. भजनी मंडळ, भिशी, वाचनकट्टा, पत्त्यांचा डाव, यांपैकी जे त्या व्यक्तीच्या स्वभावाला मानवेल ते निवडावे. अबोल माणसाला हास्यक्लबात ढकलू नये. त्याला वाचनालयातील वर्तमानपत्राचे टेबल पुरते.

पुनर्विकासाबाबत येथे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण मुंबई, ठाणे आणि पुणे येथील हजारो ज्येष्ठ सध्या त्यातून जात आहेत. चाळीत किंवा जुन्या इमारतीत चाळीस वर्षे राहिलेली व्यक्ती सौम्य विस्मरण असूनही सहज वावरत असते, कारण जिन्याच्या पायऱ्या, शेजाऱ्यांची दारे आणि नाक्यावरचा पानवाला तिला पाठ असतात. तीन-चार वर्षांसाठी भाड्याच्या घरात गेल्यावर हा आधार एकदम जातो आणि तोवर झाकलेला दोष उघडा पडतो. त्यामुळे भाड्याचे घर शोधताना, भाडे थोडे अधिक पडले तरी, त्याच वस्तीत आणि बांधकामाच्या धुळीपासून काही अंतरावर शोधावे. पलंग, कपाट, देव्हारा यांची मांडणी शक्य तितकी जुन्या घरासारखी ठेवावी. नेहमीचा भाजीवाला, न्हावी आणि डॉक्टर बदलू नयेत. पहिले काही आठवडे नवी वाट रोज एकाच वेळी, सोबतीने चालावी; वॉचमनला आणि शेजाऱ्यांना ओळख करून द्यावी, आणि खिशात पत्ता व घरच्यांचा फोन क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवावी.

सहावी पायरी : वस्ती म्हणून तक्रार

एकट्या घराने धूळ थांबत नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. तीत बांधकामाभोवती उंच पत्र्यांचे कुंपण, इमारतीला कापडाचे आच्छादन, पाण्याची फवारणी आणि राडारोड्याची झाकलेली वाहतूक बंधनकारक आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये मनाई केली आणि साध्या प्रकारासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. तक्रार करताना ‘खूप धूळ असते’ असे लिहू नये. दिनांक, वेळ, जागा, छायाचित्र आणि कोणत्या नियमाचा भंग होतो ते लिहावे, आणि ती विभाग कार्यालयाकडे संस्थेच्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या नावे, पोच घेऊन द्यावी. संघाच्या पत्रावर वीस ज्येष्ठांच्या सह्या असतात तेव्हा अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला येण्याची शक्यता वाढते, आणि एकट्या तक्रारदारावर येणारा दबावही टळतो. आधी एकच मागणी निवडावी : भट्टीचे इंधन, किंवा एक बाक, किंवा पालापाचोळा जाळण्याऐवजी खताचा खड्डा.

सातवी पायरी : डॉक्टरांकडे जाताना

परिसर सुधारताना वैद्यकीय तपासणी मागे पडू नये. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, नैराश्य, डोळे आणि कान यांची तपासणी करावी, कारण यांतील अनेक कारणांवर उपचार आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता विशेषतः आढळते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांच्या व्यवहारात नव्याने चुका होणे, नेहमीच्या स्वयंपाकाची कृती विसरणे, ही चिन्हे दिसली तर वाट पाहू नये. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला असेल, तर तो जंतुसंसर्ग, पाण्याची किंवा सोडियमची कमतरता, औषधाचा परिणाम किंवा पक्षाघात असू शकतो, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

डॉक्टरांना राहण्याचा आणि कामाचा इतिहास आपणहून सांगावा, कारण तो बहुधा विचारला जात नाही. किती वर्षे चुलीवर स्वयंपाक केला, गिरणीत, खाणीत, वाहतूक पोलिसात किंवा गॅरेजमध्ये नोकरी होती का, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्याचे काम केले का, हे लिहून न्यावे. शिसे हाडांत अनेक दशके साठून राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते; भारतात शिसेमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झाले, म्हणजे आज सत्तरीत असलेल्या शहरी व्यक्तींचे तारुण्य त्या धुरातच गेलेले आहे. पहिल्या पायरीतील वहीही सोबत न्यावी. घरी मदत करणारे कोणी नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य फोन करून जवळच्या सेवांची माहिती घेता येते.